२२ मिलिमीटरचा गोळा : जॉन चार्नले यांच्या कृत्रिम खुब्याचे प्रकरण

इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यात विगन शहराजवळ राइटिंग्टन हे रुग्णालय आहे. क्षयरोगाने हाडे आणि सांधे पोखरलेल्या रुग्णांची तेथे पूर्वी मोठी वर्दळ असे. नवी औषधे आली, तो आजार ओसरला, खाटा रिकाम्या होऊ लागल्या, आणि मँचेस्टरचे अस्थिशल्यविशारद जॉन चार्नले (१९११–१९८२) यांनी तेथे खुब्याच्या सांध्यासाठी स्वतंत्र केंद्र उभे केले. १९५८ ते १९६२ या काळात त्यांनी सुमारे ३०० खुब्यांमध्ये टेफ्लॉनची कृत्रिम वाटी बसवली. सुरुवातीचे यश डोळे दिपवणारे होते. त्यानंतर दोन-तीन वर्षांत वाट्या झिजून निकामी होऊ लागल्या आणि त्या रुग्णांना पुन्हा शस्त्रक्रियेच्या टेबलावर घ्यावे लागले. या अपयशातूनच पुढे जगभर वापरला गेलेला कृत्रिम खुबा तयार झाला.

हे प्रकरण येथे मांडण्यामागे सांधेरोपणाचा समग्र इतिहास सांगण्याचा हेतू नाही. उखळीचा सांधा नेमका कशाच्या बळावर चालतो हे निरोगी शरीराकडे पाहून सहसा कळत नाही, कारण तेथे सगळे बिनबोभाट चाललेले असते. तोच सांधा माणसाने स्वतः घडवायला घेतला की एकेक अडचण उघडी पडते. या प्रकरणातून मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट अशी की, नैसर्गिक खुब्याचा आकार हुबेहूब उतरवल्याने त्याचे काम उतरत नाही. काम साधायचे असेल तर प्रसंगी आकारच सोडून द्यावा लागतो.

खुब्याला काय काय करावे लागते

शाळेच्या पुस्तकात सांध्यांचे प्रकार शिकवले जातात. कोपर आणि बोटांची पेरे बिजागरीसारखी एकाच दिशेने उघडझाप करतात. मानेचे वरचे दोन मणके खुंटीभोवती फिरल्यासारखे फिरतात, म्हणून डोके डावी-उजवीकडे वळवता येते. अंगठ्याच्या मुळाशी खोगीरसांधा असतो, त्यामुळे अंगठा उरलेल्या चारही बोटांना टेकतो. मनगटातली लहान हाडे एकमेकांवरून किंचित सरकतात. उखळीचे मोठे सांधे दोनच, खांदा आणि खुबा. वाटीसारख्या खोबणीत हाडाचा गोळा बसलेला असल्याने तेथे हाड पुढे-मागे जाते, बाहेर-आत जाते आणि स्वतःच्या अक्षाभोवतीही वळते.

ही वर्गवारी बरोबर आहे. परंतु प्रत्यक्ष हालचाल कधीच एकट्या सांध्याची नसते. आपण जेवायला मांडी घालून बसतो तेव्हा खुबा वाकतो, बाहेरच्या अंगाला उघडतो आणि बाहेर वळतो, या तिन्ही गोष्टी एकाच वेळी घडतात. गुडघा पूर्ण मिटतो, आणि मिटलेल्या अवस्थेत थोडासा वळतोही, जे सरळ पायाने त्याला साधत नाही. घोटा आणि त्याखालचा सांधा पाऊल आत वळवून घेतात आणि कंबरेचे मणके थोडे पुढे झुकतात. यांपैकी एक कडी अडली तर मांडी जमत नाही, किंवा दुसरी एखादी कडी आपल्या वाट्याचे नसलेले काम ओढून जमवून आणते.

खांदा आणि खुबा एकाच जातीचे असले तरी त्यांची रचना जवळजवळ परस्परविरोधी आहे. खांद्याची वाटी उथळ असून गोळ्याचा जेमतेम चौथा ते तिसरा हिस्सा कोणत्याही क्षणी तिच्याशी टेकलेला असतो. म्हणून हात पाठीमागे, डोक्यावर, छातीसमोर असा सर्वत्र पोहोचतो. आणि म्हणूनच शरीरातल्या मोठ्या सांध्यांत सर्वाधिक वेळा निखळतो तो खांदाच. खुब्याची वाटी खोल आहे, तिच्या काठावर तंतुमय कूर्चेची कड आहे, आणि समोरच्या बाजूने कंबरेच्या हाडापासून मांडीच्या हाडापर्यंत जाणारा अस्थिबंध शरीरातील सर्वांत बळकट अस्थिबंध मानला जातो. निरोगी खुबा निखळायला मोटार अपघातासारखा मोठा आघात लागतो. खांद्याने मोकळेपणासाठी स्थैर्य सोडले, तर खुब्याने स्थैर्यासाठी थोडा मोकळेपणा सोडला.

खुब्याला स्थैर्य का लागते, याचे उत्तर भारात आहे. दोन्ही पायांवर उभे असताना वरच्या धडाचे वजन दोन खुब्यांत वाटले जाते. चालताना मात्र प्रत्येक पावलाला काही काळ सगळा भार एका पायावर येतो, आणि त्या क्षणी धड दुसऱ्या बाजूला कलंडू नये म्हणून कुल्ह्याच्या बाहेरच्या अंगाचे स्नायू कंबरेचे हाड खाली खेचून धरतात. शरीराचे वजन गोळ्यापासून बरेच दूरवर काम करते, तर हे स्नायू गोळ्याच्या अगदी जवळ असतात. तोल राखायचा तर त्यांना वजनाच्या दुपटीच्या आसपास ओढावे लागते. वजन आणि स्नायूंची ओढ या दोहोंचा दाब शेवटी त्याच गोळ्यावर पडतो, म्हणून एका पायावर उभ्या असलेल्या माणसाच्या खुब्यावर त्याच्या वजनाच्या अडीच ते तीन पट दाब असतो. ६० किलो वजनाच्या व्यक्तीच्या खुब्यावर प्रत्येक पावलाला दीडशे किलोहून अधिक भार येतो, आणि हिंडत्या-फिरत्या माणसाचा एक खुबा वर्षाकाठी साधारण १० लाख वेळा हे सोसतो.

एवढ्या दाबाखाली तो गोळा फिरतो, तरीही त्याला जवळजवळ विरोध होत नाही. कूर्चा म्हणजे हाडांच्या टोकांवरचे गुळगुळीत, लवचीक आवरण. निरोगी कूर्चेवर कूर्चा सरकताना घर्षणगुणांक (सरकण्याला होणारा विरोध आणि दाब यांचे गुणोत्तर) ०.०१ च्या आसपास किंवा त्याहूनही खाली असतो. हे घर्षण बर्फावरून घसरणाऱ्या स्केटच्या पात्याच्या घर्षणाच्या तोडीचे आहे.

करकरणारा खुबा

चार्नले मुळात सांधे हलते करण्यासाठी प्रसिद्ध नव्हते. त्यांचे आधीचे नाव झाले ते सांधे कायमचे गोठवण्यामुळे. दोन हाडांची टोके दाबून धरून ती एकमेकांत जुळवून टाकण्याच्या शस्त्रक्रियेवर त्यांनी १९५३ मध्ये पुस्तक लिहिले होते. खुबा झिजून असह्य दुखू लागला की तो असा जखडून टाकणे हा त्या काळी मान्य उपाय होता. वेदना थांबे, माणूस चालूही लागे. तो चालू शकतो, कारण कंबरेचे मणके, दुसरा खुबा आणि गुडघा मिळून हरवलेली हालचाल भरून काढतात. वर्षानुवर्षे हा जादा भार वाहिल्यावर पाठ आणि गुडघे दुखू लागतात, ही त्याची किंमत होती.

इतर सांध्यांची ही मदत किती बेमालूम असते, हे पाहण्याची एक सोपी तपासणी लिव्हरपूलचे ह्यू ओवेन थॉमस यांनी एकोणिसाव्या शतकात घालून दिली आणि ती आजही रोज वापरली जाते. एका खुब्यात आखूडपणा आलेला, म्हणजे खुबा थोडा वाकलेल्याच अवस्थेत आखडलेला रुग्ण उताणा झोपला तर त्याचे दोन्ही पाय सरळ टेकलेले दिसतात, कारण त्याने कंबरेची कमान वाढवून तो दोष लपवलेला असतो. आता त्याचा चांगला पाय गुडघ्यात मुडपून छातीशी धरायला सांगायचा. कमान सपाट होते, कंबर टेबलाला टेकते, आणि त्याच क्षणी दुसरी मांडी आपोआप वर उचलली जाते. जेवढे अंश ती उचलली जाते, तेवढा आखूडपणा त्या खुब्यात आधीपासूनच होता. उखळीच्या सांध्याची हालचाल तपासताना शेजारचे सांधे आधी थोपवून धरावे लागतात, अन्यथा मोजमाप भलत्याच सांध्याचे होते.

सांधा हलता ठेवून वेदना घालवण्याचे प्रयत्न तोवर बरेच झाले होते. बर्लिनमध्ये थेमिस्टोक्लीस ग्लुक यांनी १८९० च्या सुमारास हस्तिदंती सांधे बसवून पाहिले होते. बॉस्टनचे स्मिथ-पीटरसन १९३८ पासून गोळ्यावर मिश्रधातूची टोपी चढवत होते. १९४६ मध्ये पॅरिसच्या ज्युदे बंधूंनी ॲक्रिलिकचा गोळा आणला. खराब झालेला मूळ गोळा कापून काढायचा, त्या जागी मांडीच्या हाडात रोवायच्या दांड्यासह हा बसवायचा आणि रुग्णाच्या स्वतःच्या वाटीतच त्याने फिरायचे, अशी ती योजना होती व ती झपाट्याने पसरली.

असा खुबा बसवलेला एक रुग्ण चार्नले यांच्या पाहण्यात आला. पुढे वाकले की त्याचा खुबा करकरत असे, आणि तो आवाज त्याच्या पत्नीला इतका नकोसा होई की ती खोलीतून उठून जात असे. दुसऱ्या एखाद्या शल्यविशारदाने ही तक्रार किरकोळ म्हणून सोडून दिली असती. चार्नले यांनी तिच्यातून संपूर्ण सांध्याचे निदान काढले, आणि माझ्या मते या प्रकरणातील पहिला निर्णायक टप्पा तोच आहे. करकर होते याचा अर्थ दोन पृष्ठभाग सरकत नाहीत. ते एकमेकांना पकडतात, ताण वाढला की सुटतात, आणि पुन्हा पकडतात. म्हणजे ॲक्रिलिक आणि कूर्चा यांच्यातील घर्षण फारच जास्त आहे. मग प्रत्येक पावलाला तो गोळा फिरण्याआधी आपल्या दांड्याला पिळणार, दांडा हाडात ढिला होणार, आणि काही वर्षांनी सगळी रचना डळमळणार. ज्युदे यांचे खुबे पुढे मोठ्या प्रमाणावर सैल झाले आणि तुटले, हे त्या तर्काला धरूनच होते.

गोळा लहान का केला

यानंतर चार्नले यांनी नैसर्गिक सांध्याचे घर्षण प्रत्यक्ष मोजायला घेतले. फिरत्या यंत्राच्या धारव्यात (बेअरिंगमध्ये) तेलाचा थर जसा दोन धातूंना वेगळे ठेवतो, तसा सांध्यातला द्रव हाडांना वेगळे ठेवत असावा, असे मत तेव्हा प्रचलित होते. चार्नले यांना ते पटेना. तेलाचा थर टिकायला वेगवान आणि एकाच दिशेचे फिरणे लागते. खुबा तर मोठ्या भाराखाली सावकाश पुढे-मागे झुलतो आणि प्रत्येक झोक्याच्या टोकाला क्षणभर थांबतो. म्हणून निसरडेपणा द्रवात नसून पृष्ठभागातच असला पाहिजे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. आज आपल्याला याच्या पुढचे ठाऊक आहे : कूर्चेत ७० ते ८० टक्के पाणी असते, दाब पडला की ते पाणी चटकन बाहेर निसटू शकत नाही, आणि भाराचा मोठा वाटा घन भागाऐवजी ते कोंडलेले पाणीच पेलते. चार्नले यांचा निष्कर्ष अर्धाच बरोबर होता, पण तो त्यांना योग्य प्रश्नापाशी घेऊन गेला. सांध्यातला द्रव मदतीला येणार नसेल, तर कृत्रिम सांध्याचे साहित्यच मुळात निसरडे हवे.

त्या काळी ज्ञात असलेला सर्वांत निसरडा घन पदार्थ म्हणजे टेफ्लॉन. ते शरीरात विरघळत नाही आणि रासायनिकदृष्ट्या जवळजवळ निष्क्रिय असते. चार्नले यांचा पहिला प्रयत्न निसर्गाची सरळ नक्कल करण्याचा होता. झिजलेल्या कूर्चेच्या जागी गोळ्यावर टेफ्लॉनची एक पातळ टोपी आणि खोबणीत दुसरी, म्हणजे आकार मूळचा आणि फक्त अस्तर नवे. ही रचना टिकली नाही. टोपीखालच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटून ते मरत गेले आणि टोप्या सैल झाल्या. तेव्हा त्यांनी हाडाचा गोळा काढून टाकून धातूचा गोळा वापरायला सुरुवात केली. तो सुमारे ४२ मिलिमीटर व्यासाचा, म्हणजे नैसर्गिक गोळ्याच्या जवळपासचा होता. प्रौढ माणसाचा गोळा साधारण ४५ ते ५० मिलिमीटर असतो.

येथे चार्नले यांनी जे गणित मांडले ते या प्रकरणाचा गाभा आहे. टेफ्लॉन कितीही निसरडे असले तरी त्याचे घर्षण कूर्चेच्या कित्येक पट होते. गोळा वाटीत फिरताना हे घर्षण गोळ्याच्या पृष्ठभागावर काम करते आणि वाटीला आपल्याबरोबर फिरवू पाहते. जात्याचा खुंटा काठाशी बसवतात, कारण तेवढ्याच जोराने मधल्यापेक्षा काठावरून फिरवणे सोपे जाते. तसेच घर्षण केंद्रापासून जितके दूर, तितका वाटीवर पडणारा पीळ मोठा. गोळ्याचा व्यास निम्मा केला तर घर्षण तेवढेच राहूनही पीळ निम्मा होतो. याला आणखी एक बाजू आहे. खोबणीत मावणाऱ्या वाटीचा बाहेरचा आकार ठरलेला असतो, त्यामुळे आतला गोळा लहान केला की वाटी आपोआप जाड होते. आता पीळ देणारा आतला पृष्ठभाग केंद्राच्या जवळ आणि हाडाला धरून ठेवणारा बाहेरचा पृष्ठभाग केंद्रापासून दूर, म्हणजे फिरवू पाहणारा दुबळा आणि धरून ठेवणारा बलवान.

चार्नले टप्प्याटप्प्याने गोळा लहान करत गेले आणि २२.२२५ मिलिमीटरवर, म्हणजे सात-अष्टमांश इंचावर थांबले. ज्यांनी खुब्याची शरीररचना मुखोद्गत केली होती, अशांना हा निम्म्या आकाराचा गोळा विचित्रच वाटणार. निसर्गाला मोठा गोळा परवडतो, कारण त्याच्याकडे कूर्चा आहे. घर्षणच नगण्य असल्याने व्यास वाढला तरी पीळ वाढून वाढून किती वाढणार? आणि मोठ्या गोळ्याचे फायदे, म्हणजे पसरलेला दाब, स्थैर्य आणि मोकळी हालचाल, मात्र पदरात पडतात. कूर्चा नसेल तर हा सौदा उलटतो.

दांडा आणि वाटी हाडात पक्की बसवण्यासाठी कवळ्या बनवायला वापरतात त्या जातीचे ॲक्रिलिक त्यांनी घेतले. मँचेस्टरमध्ये दंतवैद्यकीय साहित्यावर काम करणारे डेनिस स्मिथ यांचा त्यात मोठा सहभाग होता. याला सिमेंट म्हणतात, पण ते गोंदासारखे चिकटत नाही. पिठासारखे मऊ असताना ते हाडाच्या जाळीदार भागात शिरते, काही मिनिटांत कडक होते आणि भार सर्वत्र वाटून देते.

टेफ्लॉनचे अपयश

१९६१ मध्ये चार्नले यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आपली शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. वर्षानुवर्षे दुखण्याने झोप उडालेले रुग्ण वेदनामुक्त होऊन चालत होते. मग क्ष-किरण चित्रांत दिसू लागले की गोळा वाटीत वरच्या बाजूला सरकतो आहे, म्हणजे वाटीचे छत झिजत आहे. शस्त्रक्रिया करून सांधा उघडल्यावर झिजेचा पांढरट, घट्ट गाळ साचलेला आढळे आणि त्याने आजूबाजूचे हाडही खाल्लेले असे.

टेफ्लॉन निष्क्रिय आहे ही समजूत येथे कोसळली. अखंड तुकडा शरीराने मुकाट स्वीकारला होता. त्याच्या सूक्ष्म कणांना मात्र शरीरातील भक्षक पेशी गिळू पाहत, ते पचत नसत, आणि त्या चिडलेल्या पेशींमुळे दाह होऊन हाड विरघळत जाई. हे कणांमुळेच होते का, याची खात्री करण्यासाठी चार्नले यांनी टेफ्लॉनचे कण स्वतःच्या मांडीत टोचून घेतले. काही महिन्यांनी तेथे कठीण, बोटाला लागणाऱ्या गाठी झाल्या. हे निरीक्षण त्यांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध केले. रुग्णांच्या वाट्या काढून नव्या बसवण्याचे अत्यंत कष्टाचे काम ते पुढे दीर्घकाळ स्वतः करत राहिले. ३०० खुब्यांत वापरण्याआधी अधिक वाट पाहायला हवी होती, हा आक्षेप योग्यच आहे, आणि पुढील वर्तनावरून दिसते की तो सर्वांत आधी त्यांनी स्वतःवरच घेतला होता.

काचेचे तंतू मिसळून कठीण केलेले टेफ्लॉनही त्यांनी आजमावले. प्रयोगशाळेतल्या यंत्रावर ते साध्या टेफ्लॉनपेक्षा कितीतरी सरस ठरले. शरीरात मात्र ते तितकेच वाईट निघाले, शिवाय त्यातला कठीण भाग धातूच्या गोळ्यालाही घासत होता. यंत्रावर टिकणे आणि शरीरात टिकणे या दोन वेगळ्या कसोट्या आहेत, हे त्यांना अशा रीतीने कळले.

नखाची खूण

१९६२ मध्ये एक विक्रेता राइटिंग्टनला आला. लँकेशायरच्या कापडगिरण्यांतील मागांना लागणारे गिअर बनवण्यासाठी जर्मनीत तयार होणारे एक प्लॅस्टिक तो विकत होता : अतिशय लांब रेणूंचे पॉलिथिलीन. केंद्राच्या कार्यशाळेत हॅरी क्रेव्हन हे कुशल कारागीर होते; झीज मोजण्याचे यंत्र त्यांच्याच देखरेखीखाली चाले. त्यांनी तो तुकडा चार्नले यांना दाखवला. चार्नले यांनी त्यात अंगठ्याचे नख रोवून पाहिले, नखाची खूण उमटली, आणि इतके मऊ साहित्य काय टिकणार, असे म्हणून त्यांनी ते बाजूला सारले.

क्रेव्हन यांनी तरीही तो तुकडा यंत्रावर चढवला आणि चार्नले बाहेर असताना यंत्र रात्रंदिवस चालू ठेवले. तीन आठवड्यांनंतर पॉलिथिलीनची झीज टेफ्लॉनच्या २४ तासांतल्या झिजेइतकीही नव्हती. नखाने जे तपासले गेले ते कठीणपणा. खुब्याला हवी होती ती वारंवार घासले जाऊनही कण न सोडण्याची चिवटाई. हे दोन गुण वेगळे आहेत. या टप्प्यावर क्रेव्हन यांच्या चिकाटीला जेवढे श्रेय मिळते त्याहून अधिक मिळायला हवे, असे मला मनापासून वाटते. पॉलिथिलीनचे कणही चार्नले यांनी स्वतःच्या मांडीत टोचून पाहिले. त्या कणांमुळे तशा गाठी झाल्या नाहीत. नोव्हेंबर १९६२ मध्ये पॉलिथिलीनची पहिली वाटी रुग्णाच्या खुब्यात बसली.

येथे एक बाब सहज नजरेतून सुटते. पॉलिथिलीन टेफ्लॉनइतके निसरडे नाही. गोळा ४२ मिलिमीटरचाच राहिला असता तर वाढलेल्या घर्षणाचा पीळ वाटीने सोसला असता की नाही, याची शंका आहे. गोळा आधीच लहान झालेला असल्याने ते घर्षण पचले. रचना एका विशिष्ट पदार्थाच्या भरवशावर नव्हे, तर कोणत्याही पदार्थाचे घर्षण गृहीत धरून बेतली होती, म्हणून पदार्थ बदलूनही ती उभी राहिली. लहान गोळ्याचा आणखी एक फायदा पुढे स्पष्ट झाला. लहान गोळा वाटीत खोलवर लवकर रुततो हे खरे, पण त्याने कोरलेली वाट अरुंद असते, त्यामुळे बाहेर पडणाऱ्या कणांचे एकूण आकारमान कमी राहते. आणि हाडाला त्रास होतो तो या कणांचाच.

नव्या वाटीची झीज सरासरी वर्षाला मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास भरली. एकदा पोळल्यामुळे चार्नले यांनी आपली साधने सरसकट विकू दिली नाहीत. राइटिंग्टनला येऊन पद्धत शिकलेल्या शल्यविशारदांनाच ती दीर्घकाळ मिळत. रुग्णाच्या मृत्यूनंतर त्याचा खुबा तपासणीसाठी काढून घ्यावा, अशी संमती ते रुग्णांकडून मागत आणि अनेकांनी ती दिली. त्या परत आलेल्या वाट्यांमुळे झिजेचे मोजमाप क्ष-किरणांच्या अंदाजावर न राहता प्रत्यक्ष हातात आले. पंचवीस वर्षांनंतरही यांतील बहुसंख्य खुबे मूळ जागी काम करत असल्याचे पुढील पाहणीत दिसले.

लहान गोळ्याने काय गमावले

फायदा फुकट मिळाला नव्हता. वाटीतून सुटण्यासाठी गोळ्याला साधारण आपल्या त्रिज्येइतके अंतर वर चढावे लागते. नैसर्गिक गोळ्याला हे अंतर २३-२४ मिलिमीटर आहे, शिवाय कड, अस्थिबंध आणि सांध्याची पिशवी त्याला आवळून धरतात. चार्नले यांच्या गोळ्याला ते जेमतेम ११ मिलिमीटर. हालचालीची मर्यादाही गोळा आणि त्याखालची मान यांच्या जाडीच्या गुणोत्तरावर ठरते. पाय खूप वाकवला की मान वाटीच्या काठाला टेकते. तेथून पुढे पाय ढकलला तर तो काठ तरफेच्या टेकूसारखा काम करतो आणि गोळा विरुद्ध बाजूने उचलला जातो. खोल वाकणे आणि पाय आत वळणे एकत्र आले की तो मागच्या बाजूने निसटण्याचा धोका सर्वाधिक असतो.

इंग्लंडमध्ये खुर्चीवर बसणाऱ्या, पलंगावर झोपणाऱ्या वृद्धांना ही मर्यादा क्वचितच जाचली असेल. आपल्याकडे मात्र पंगत, पूजा, शेतातली खुरपणी, चुलीपुढचे काम आणि भारतीय पद्धतीचे शौचालय या सर्वांना खोल वाकणारा खुबा लागतो. उकिडवे बसताना खुबा, गुडघा आणि घोटा तिन्ही जवळजवळ शेवटपर्यंत मिटतात. त्यामुळे खुबा बदललेल्या आजीला ‘खाली बसू नका’ असे सांगितले जाते, तेव्हा सवय बदलण्याबरोबरच काम दुसऱ्या सांध्यांवर ढकलण्याचाही तो सल्ला असतो. जमिनीवरची वस्तू उचलताना खुबा वाकणार नसेल तर कंबरेचे मणके वाकतात, आणि ते आधीच झिजलेले असले तर तक्रार तेथे सुरू होते.

पुढच्या पिढीने गोळा पुन्हा मोठा करण्याचे दोन मार्ग धरले. एक होता धातूच्या वाटीत धातूचा मोठा गोळा. त्यातील काही रचनांत धातूच्या सूक्ष्म कणांनी सांध्याभोवतीच्या ऊतींची हानी केली, मोठ्या व्यासाच्या घर्षणाचा पीळ गोळा व दांडा यांच्या जोडावर पडून तेथेही झीज झाली, आणि २०१० मध्ये अशी एक रचना जगभरातून परत मागवावी लागली. चार्नले यांनी मांडलेले पिळाचे गणित साहित्य बदलले म्हणून रद्द होत नाही, हे तेव्हा पुन्हा दिसले. दुसरा मार्ग होता पॉलिथिलीनच्या रेणूंना किरणोत्साराच्या साहाय्याने एकमेकांत अधिक घट्ट गुंफण्याचा. १९९० च्या दशकाच्या अखेरीस आलेल्या या साहित्याची झीज जुन्या पॉलिथिलीनच्या तुलनेत फारच कमी असल्याने वाटी पातळ ठेवून ३२ किंवा ३६ मिलिमीटरचा गोळा वापरणे शक्य झाले, आणि निखळण्याचे प्रमाण घटले.

तरीही मान काठाला टेकण्याचा प्रश्न गोळ्याच्या आकाराने पूर्ण सुटत नाही. वाटी किती कललेली आणि किती पुढे वळलेली बसवली आहे यावर तो तितकाच अवलंबून असतो. रुग्णाची कंबर लवचीक आहे की ताठ, हेही तेथे मोजले जाते, कारण बसताना कंबरेचे हाड मागे कलून वाटीला उघडते आणि ताठ मणक्याच्या रुग्णात ही सोय मिळत नाही. म्हणून खुब्याच्या शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाला जमिनीवर बसण्याची सवय आहे का, घरातले शौचालय कोणत्या पद्धतीचे आहे आणि पाठीचे क्ष-किरण चित्र उभ्याने व बसून असे दोन्ही काढले आहे का, हे विचारून मगच गोळ्याचा व्यास आणि वाटीचा कोन ठरवला पाहिजे.